स्मार्ट घर (लेखांक ६) : रंग बदलणारी भिंत

आषाढी एकादशीला जळगावच्या पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो, तेव्हा रोषणाईच्या माळा चढतात आणि उत्सव आटोपला की उतरतात. स्मार्ट लाइट पॅनेलचं तसं नाही. ती एकदा भिंतीला चिकटली की वर्षानुवर्षं तिथेच. म्हणून दुकानातल्या रंगांना भुलण्याआधी घरची भिंत तळहाताने पुसून पाहा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. दुहेरी टेप तिथे भिंतीला न चिकटता भुकटीलाच चिकटते आणि थोड्या दिवसांत पॅनेल पोपड्यासकट खाली येतं. ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक इमल्शनवर टेप टिकते, पण जळगावचा मे महिना विसरू नका. पारा पंचेचाळिशीकडे सरकला की पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत गरम राहते. गोंद मऊ पडतो आणि एलईडीचं आयुष्यही उष्णतेने घटतं. भिंत उत्तरेची निवडा, आणि स्क्रूने बसणारी पट्टी मिळत असेल तर तीच घ्या.

हा प्रकार लोकप्रिय केला तो कॅनडातल्या नॅनोलीफ कंपनीने. तिची त्रिकोणी पॅनेल २०१६ मध्ये आली, षटकोनी २०२० मध्ये. आता तशीच दिसणारी स्वस्त पॅनेल बरीच मिळतात. आत लाल, हिरवे आणि निळे एलईडी असतात. लाल-हिरवे जुनेच, अडलं होतं निळ्यापाशी. तो चांगला उजळ निघाला १९९० च्या दशकात जपानमध्ये, आणि त्या कामासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, म्हणून खोक्यावर 'एक कोटी सदुसष्ट लाख रंग' असं छापतात. हिशेब बरोबर आहे, उपयोग शून्य. घरात रोज लागतात चार-पाच रंग, आणि त्यात सगळ्यात जास्त पांढरा.

नेमका तोच फसवा असतो. तीन रंग मिसळून केलेल्या पांढऱ्या उजेडात माणसांचे चेहरे निस्तेज दिसतात आणि ताटातलं भरीत मळकट. वेगळा पांढरा एलईडी असलेली पॅनेल घ्या. खोक्यावर 'आरजीबीडब्ल्यू' अशी खूण असते. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये घेत असाल तर विक्रेता इंद्रधनुष्य दाखवेल. त्याला म्हणा, भाऊ, आधी पांढरा लावा. मग त्याखाली आपला हात धरून बघा.

विजेची धास्ती नको. एका षटकोनी पॅनेलला साधारण दोन वॅट लागतात. दहा पॅनेल रोज चार तास लावली तर महिन्याला २.४ युनिट, म्हणजे जुन्या सीलिंग फॅनपेक्षा कितीतरी कमी. अॅडॉप्टरची मर्यादा मात्र पाळा. ४२ वॅटचा अॅडॉप्टर अशी एकवीस पॅनेल चालवतो; पुढे जोडायची तर दुसरा अॅडॉप्टर हवा.

जोडणीत बहुतेकांचं घोडं अडतं ते वायफायपाशी. ही उपकरणं बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटरने २.४ आणि ५ ला एकच नाव दिलं असेल, तर काही वेळा ॲपला पॅनेल सापडत नाही. जोडणीपुरतं ५ बंद ठेवा, फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू करा. खोक्यावर 'मॅटर'ची खूण असेल तर उत्तम. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या या मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलतात आणि इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात आज्ञा पाळतात. निव्वळ कंपनीच्या सर्व्हरवर विसंबलेलं पॅनेल मात्र ती कंपनी बंद पडली की बटणापुरतं उरतं.

आता खानदेशातली खरी परीक्षा. वळवाच्या वादळात लाइट जाते आणि मध्यरात्री कधीतरी येते. पॅनेलची मूळ सेटिंग 'चालू' असेल तर सगळं घर पांढऱ्या झगझगाटात जागं होतं. ॲपमध्ये वीज परत आल्यानंतरच्या स्थितीचा पर्याय शोधा आणि तिथे 'बंद' किंवा 'आधीप्रमाणे' निवडा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर पॅनेलला वीज असूनही ॲप 'ऑफलाइन' दाखवत बसेल. मुलांच्या खोलीत रात्री निळा लावू नका. निळसर उजेड मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दाबतो आणि झोप लांबते. तिथे मंद नारिंगी बरा.

पहिल्या खेपेला सहा-सात पॅनेल पुष्कळ झाली. ती भिंतीवर लावण्याआधी जमिनीवर मांडून जोडा आणि एक संध्याकाळ चालवून पाहा. एखादं बिघडलेलं निघालं तर परत देता येतं. अॅडॉप्टरवर बीआयएसची खूण आहे का ते बघा आणि जीएसटीचं बिल मागून घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते. आणि घरात अजून धड अर्थिंग नसेल, तर आधी वायरमनला बोलवा, पॅनेल नंतर घ्या.