शाळेला माणसे किती हवीत?

व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमचे शालेय शिक्षण आठवीतच संपले. पुढे जे शिकलो ते पगारपत्रके, कायद्याची पुस्तके आणि कामगारांच्या तक्रारी वाचून. म्हणून अध्यापनशास्त्र सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु एखाद्या कामाला माणसे किती लागतात, ती कोणत्या मापाने ठरवावीत आणि कमी पडली तर भार कोणावर येतो, हे पाहण्यात आमचे आयुष्य गेले. तेच माप आज सरकारी शाळेच्या सहावी ते आठवी या वर्गांना लावून पाहू.

प्रथम कायदा काय म्हणतो? बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत या वर्गांसाठी दोन मापे आहेत. दर 35 मुलांमागे किमान एक शिक्षक, हे पहिले. दर वर्गाला किमान एक शिक्षक, आणि तोही अशा रीतीने की विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांना प्रत्येकी एक जण मिळावा, हे दुसरे.

या दोन मापांतला फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. समजा, एका शाळेत सहावीत 20, सातवीत 22 आणि आठवीत 18, अशी 60 मुले आहेत. पटाला 35 ने भागले तर दोन शिक्षक पुरतात. पण वर्ग तीन आहेत, म्हणजे एक वर्ग नेहमी माणसावाचून राहणार. सरासरी काढली तर तीसच मुलांमागे एक शिक्षक दिसतो आणि कागद पाहणाऱ्याचे समाधान होते. आपल्याकडे दरवर्षी पटावरून शिक्षकांची पदे ठरतात, तिला संचमान्यता म्हणतात. 15 मार्च 2024 च्या शासननिर्णयाने तिचे निकष बदलले, तेव्हा शिक्षकसंघटनांनी विरोध केला. तो विरोध केवळ नोकरीपायी होता असे पुष्कळांना वाटले. त्यांनी वरचे साधे गणित एकदा मांडून पाहावे.

मुंबईच्या गिरणीकामगारांना हे गणित जुने आहे. 1928 च्या मोठ्या संपात एका विणकराने किती साचे सांभाळावेत, हा वादाचा एक मुख्य मुद्दा होता. गिरणीत आणखी एक गोष्ट होती. कायम कामगार आला नाही की फाटकावर उभ्या असलेल्या बदली कामगारांतून एकाला आत घेत. त्या बदलीवाल्यांचे हाल कुत्रा खात नसे, त्या पद्धतीची तरफदारी आम्ही कधीच करणार नाही. पण माणसावाचून साचा थांबू नये, एवढे मालकाला कळत होते.

शाळेच्या हिशेबात बदली नाही. तीन वर्ग, तीन शिक्षक हे कायद्याचे माप पुरेपूर पाळले, तरी घंटा झाली की तिघेही वर्गात गुंततात. त्यांतला एक आजारी पडला, प्रशिक्षणाला गेला, किंवा कलम 27 मधील सवलतीप्रमाणे जनगणनेला वा निवडणुकीला नेला, की त्याचा वर्ग दुसऱ्याच्या वर्गात कोंबला जातो. दुपारच्या भोजनात या वर्गांतील दर मुलामागे 150 ग्रॅम धान्य ठरलेले आहे, म्हणजे 60 मुलांना रोज नऊ किलो. शिजवायला मदतनीस असतात, पण मोजदाद आणि नोंदी बहुधा शिक्षकाच्याच गळ्यात येतात. मग एखादी मुलगी चार दिवस गप्प गप्प का आहे, हे विचारायला सवड कोणाला?

म्हणून शिक्षकांखेरीज इतर माणसांचा विचार करावा लागतो. पट 100 च्या वर गेला तर पूर्ण वेळ मुख्याध्यापक आणि कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक द्यावेत, असे कायदाच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 रोजी, या वयाच्या 15 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. त्याच न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी, 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडावा, असे सांगितले. आमची 60 मुलांची शाळा या शेवटच्या वाक्यात बसते. तो रीतसर संबंध कोणी जोडावा? पुन्हा त्याच तीन शिक्षकांपैकी एकाने!

या गोष्टीची किंमत आम्ही जाणतो. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील घरी बसले आणि आम्ही आठवीतून उठून किराणा दुकानात पुड्या बांधू लागलो. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा पडत राहिल्या, पुढे नाव कमी झाले. घरी कोणी विचारायला आले नाही. आमच्या वर्गशिक्षकांवर आमचा राग नाही. त्यांच्या वर्गात साठाहून अधिक मुले होती. ते आले असते तर त्या वेळी त्यांचा वर्ग कोणी सांभाळला असता?

मग आपण नागरिकांनी काय करावे? शिक्षकाला नावे ठेवण्यापूर्वी शाळेत जाऊन तीन आकडे विचारावेत : मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी किती. कलम 26 प्रमाणे रिकाम्या जागा दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत. तीन पदांच्या शाळेत एक जागा रिकामी म्हणजे तेहतीस टक्के झाले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि शाळाविकासाचा आराखडा करणे हे तिचे काम आहे. त्या आराखड्यात भिंती, पत्रे आणि नळ लिहिले जातात. त्याच्या पहिल्या पानावर माणसांची यादी यावी. आणि तीत चौथे नाव अशा माणसाचे असावे, की वर्ग चालू असताना जो मोकळा असेल आणि न आलेल्या मुलाच्या घरापर्यंत चालत जाईल.