पाट्यांचा बाजार आणि 21 मे

दरवर्षी 21 मे हा संयुक्त राष्ट्रांचा जागतिक सांस्कृतिक वैविध्य दिन. युनेस्कोने नोव्हेंबर 2001 मध्ये वैविध्याचा जाहीरनामा स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी आमसभेने हा दिवस ठरवला. संवाद आणि विकास हे त्याचे घोषित हेतू.

दिल्लीतल्या पहाडगंजला मात्र ठरावाची वाट पाहावी लागली नाही. नवी दिल्ली स्थानकासमोरच्या मेन बझारात सत्तरच्या दशकात हिप्पी उतरू लागले. पुढे इस्रायली तरुण आले, तशा दुकानांवर हिब्रू पाट्याही लागल्या. गिऱ्हाइकाची भाषा दुकानदार लवकर शिकतो! याच पहाडगंजात दिल्लीकर मराठी माणसांची नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवनही आहे. अशा शाळेचे मोल युनेस्कोलाही मान्य असावे: त्या जाहीरनाम्यासोबतच्या कृती आराखड्यात शिक्षणात मातृभाषेचा मान राखण्याचे कलम आहे.