विजेची गाडी, भाग ११ : ब्रेक ऑइलचं वय

मागच्या भागात पाहिलं, की पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की मोटर जनित्राचं काम करू लागते, गाडीचा वेग वीज होऊन बॅटरीत परत जातो आणि ब्रेक पॅडना फारसं काम उरत नाही. फोक्सवॅगनने तर आपल्या आयडी-३ आणि आयडी-४ या गाड्यांना मागच्या चाकांवर डिस्कऐवजी जुने ड्रम दिले. कमी वापरामुळे डिस्क गंजते, ड्रम झाकलेला राहतो. मग पॅडच झिजत नसतील तर ब्रेक ऑइल तरी कशाला बदलायचं, असं कुणालाही वाटेल. घाटात उतरताना हे वाटणं महागात पडू शकतं.

विजेच्या गाडीचे ब्रेक आजही द्रवाच्या दाबावरच चालतात. पेट्रोल गाडीत पायाच्या जोराला हातभार लावणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो; इथे इंजिन नसल्यामुळे त्याच्या जागी विजेवर चालणारा बूस्टर किंवा वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. पुढचं सगळं ओळखीचंच: मास्टर सिलिंडर, नळ्या, एबीएसचं युनिट, कॅलिपर आणि त्यात भरलेलं ऑइल.

हे ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसाच हा प्रकार. फक्त इथे ओलावा रबरी होजमधून, सीलमधून, टाकीच्या झाकणातून हळूहळू शिरतो. गाडी धावते की पार्किंगमध्ये उभी आहे, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ मध्ये हे आकडे २०५ आणि १४० आहेत. पाणी मुरलेलं ऑइल तापून उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ऑइल निवलं की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल पूर्ववत होतं, आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिक म्हणतो, ‘ब्रेक तर एकदम ओके आहेत.’

पण पॅड तापतच नसतील तर उकळण्याचा प्रश्न कुठे येतो? येतो, आणि नेमका नको तिथे येतो. पाचगणीला मुक्काम केलात, रात्रभर चार्जर लावून बॅटरी १०० टक्के भरलीत आणि सकाळी पसरणी घाटाने वाईला उतरायला लागलात, असं धरा. उतार साडेपाचशे मीटरहून जास्त. १७०० किलोच्या गाडीच्या हिशेबाने ही अडीच युनिट वीज झाली. थोडी टायर आणि वारा खातात. बाकीची एरवी बॅटरीत गेली असती. पण भरलेल्या बॅटरीत ती घालायला जागा नसते, म्हणून गाडी वीज परत घेणं, म्हणजे रीजनरेशन, कमी करते किंवा बंदच करते. वर्षभर आराम केलेल्या ब्रेकवर सगळा भार एकदम येतो, तोही बॅटरीमुळे वजनदार झालेल्या गाडीचा. किती जागा राखायची हे गाडीगणिक बदलतं. तरी डोंगरावर मुक्काम असेल तर ८० टक्क्यांवर चार्जर काढावा, हे बरं.

ऑइल बदलायला आलं हे ओळखायचं कसं? रंगावर विसंबू नका. काळपट ऑइल जुनं असेलही, पण स्वच्छ पिवळसर दिसणाऱ्या ऑइलात पाणी नाही असं मुळीच नाही. पेन टेस्टर ऑइलमधून वीज किती वाहते त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतो; ब्रँड बदलला की अंदाजही हलतो, म्हणून हिरवा दिवा लागला तरी तो अखेरचा शब्द मानू नये. थोडं ऑइल उकळवून थेट उत्कलनबिंदू दाखवणारं यंत्र जास्त भरवशाचं. तांबं तपासणारी पट्टीही मिळते: ऑइलमधली गंजरोधक रसायनं संपत आली की नळ्यांतलं तांबं त्यात उतरू लागतं. हा गंज एबीएसच्या बारीक व्हॉल्व्हपर्यंत पोचला तर येणारा खर्च ऑइलच्या कित्येक पट असतो.

टाकीतल्या पातळीचा अर्थही बदलतो. पेट्रोल गाडीत पॅड झिजतात तशी पातळी थोडी उतरते, ते स्वाभाविक. विजेच्या गाडीत पॅड फारसे झिजलेले नसताना पातळी घटली, तर वरून ऑइल ओतण्याआधी गळती शोधा. पेडल मऊ लागणं ही जुनी खूण आजही खरी. पण आउडी ई-ट्रॉनसारख्या काही गाड्यांत एरवी पेडलचा चाकांशी थेट संबंध नसतो, पावलाला लागणारा दाब गाडीने मुद्दाम तयार केलेला असतो. तिथे पायाला काही कळेलच असं नाही.

म्हणून शेवटी कॅलेंडर. टेस्ला दर चार वर्षांनी ऑइल तपासायला आणि गरज असल्यास बदलायला सांगते. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असेल ते प्रमाण. पण मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत राहणाऱ्याने पुस्तिकेत सवलत असली तरी दोन वर्षांनी यंत्रावर तपासून घ्यावं, असं माझं मत आहे. पेट्रोल गाडीत इंजिन ऑइलच्या निमित्ताने बॉनेट उघडतं आणि कुणाची तरी नजर या टाकीवर पडते. इथे ते निमित्तच नाही.

बदलताना दोन गोष्टी बघा. बाटली तुमच्यासमोर सील तोडून उघडलेली असावी आणि तिच्यावरचा डॉट क्रमांक टाकीच्या झाकणावरच्या क्रमांकाशी जुळावा. सिलिकॉनचं डॉट ५ यात चालत नाही, नाव सारखं असलं तरी डॉट ५.१ वेगळं. दुसरं म्हणजे, विजेवरचा बूस्टर असलेल्या अनेक गाड्यांत ब्लीडिंग, म्हणजे नळ्यांतलं जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढणं, सुरू करण्याआधी स्कॅनर जोडून ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये घालावे लागतात. गॅरेजवाल्याकडे तो स्कॅनर आहे का, हे गाडी देण्याआधी विचारा.

(पुढील भागात : बॅटरीचं कूलंट)