वीजवाहिन्या भूमिगत करणे कितपत व्यवहार्य?

राजस्थान आणि गुजरातमधील माळढोक पक्ष्यांच्या अधिवासातून जाणाऱ्या वीजवाहिन्या जमिनीखालून न्याव्यात की मनोऱ्यांवरूनच ठेवाव्यात, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर अनेक वर्षे होता. सोलापूरजवळील नान्नजच्या अभयारण्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या या पक्ष्याची देशातील संख्या दीडशेच्या आसपास उरली असून, त्यांपैकी बहुतेक पक्षी थरच्या वाळवंटात आहेत. माळढोकाचे शरीर जड आणि डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही आणि दिसली तरी चटकन वळता येत नाही. मादी साधारणपणे एका विणीत एकच अंडे घालते. म्हणून एका पक्ष्याचा मृत्यूही मोठी हानी ठरते.

एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने या अधिवासातील कमी दाबाच्या वाहिन्या भूमिगत करण्याचा, तसेच उच्च दाबाच्या वाहिन्यांबाबत व्यवहार्यता तपासण्याचा आदेश दिला. मात्र, हाच प्रदेश सौर आणि पवन ऊर्जेचे प्रमुख केंद्र असल्याने केंद्र सरकारने आदेशात बदल करण्याची विनंती केली.

अडचण केवळ खर्चाची नाही. उघड्या तारेतील उष्णता हवेत विरून जाते, तर जमिनीखाली ती कोंडते. कोरडी वाळू उष्णता फारशी वाहून नेत नाही. त्यासाठी जाड वाहक व भक्कम विद्युतरोधक आवरण लागते. शिवाय एसी प्रवाहाची भूमिगत केबल विद्युतभार साठवते. अंतर आणि दाब वाढत जातो, तशी केबलची क्षमता हा भार पेलण्यातच खर्ची पडते. केबलचे तुकडे जोडावे लागतात आणि प्रत्येक जोड बिघाडाची संभाव्य जागा असते. मनोऱ्यावरील बिघाड डोळ्यांना दिसतो. भूमिगत बिघाड उपकरणांनी शोधून, खणून दुरुस्त करावा लागतो.

डीसी प्रवाहाला विद्युतभाराची ही मर्यादा लागू होत नाही. तमिळनाडूतील पुगलूर ते केरळमधील त्रिशूर या ३२० किलोव्होल्टच्या डीसी वाहिनीचा काही भाग भूमिगत आहे. परंतु तिच्या दोन्ही टोकांना खर्चिक रूपांतर केंद्रे उभारावी लागतात. याउलट ३३ किलोव्होल्ट वा त्याहून कमी दाबाच्या वाहिन्या शहरांत सर्रास जमिनीखालून जातात.

मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रासाठीचा सरसकट आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञ समिती नेमली. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्कही या निकालात मान्य करण्यात आला. डिसेंबर २०२५ मध्ये समितीच्या शिफारशींच्या आधारे राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातमध्ये ७४० चौरस किलोमीटर हे संवर्धनाचे अग्रक्रम क्षेत्र निश्चित झाले.

तांत्रिकदृष्ट्या पाहता, ऐन अधिवासातील कमी दाबाच्या वाहिन्या भूमिगत करणे शक्य आहे. अतिउच्च दाबाच्या लांब वाहिन्यांसाठी मार्ग बदलणे हाच अधिक व्यवहार्य उपाय ठरतो. माळढोकाची घटलेली संख्या पाहता, दोन्ही कामे किती लवकर पूर्ण होतात, याला निर्णायक महत्त्व आहे.