अळू, अग्नि आणि जीवनसत्त्वें

पस्तीस वर्षें मुलांना आरोग्यशास्त्र शिकविणारा शिक्षक स्वतःच्या स्वयंपाकघरांत कसा नापास झाला, ती हकीकत प्रथम सांगतों.

पावसाळ्याचे दिवस होते. अलिबागेस आमच्या परसांत अळू माजलें होतें. फार शिजविल्यानें भाजींतील जीवनसत्त्वें नष्ट होतात, असें मीं नुकतेंच वाचलें होतें. तेव्हां अळवास केवळ एक वाफ द्यावी, चिंच घालूं नये, असा हुकूम मीं सोडला. कुटुंबानें एकवार माझ्याकडे पाहिलें व निमूटपणें तसेंच केलें. दोन घांसांतच सर्वांचे घसे खवखवूं लागले. "मुलांना शिकवायचें तें शिकवा, अळवाला शिकवूं नका," एवढेंच ती म्हणाली.

अळवाच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. तेच घशास टोंचतात. पान पुरतें शिजवून चिंच किंवा आमसूल घातलें म्हणजे खाज मरते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. पहिल्या पावसाबरोबर रानांतून येणाऱ्या शेवळांचीहि हीच गोष्ट. त्यांच्या जोडीला बाजारांत काकड वृक्षाचीं आंबट फळें मांडलेलीं असतात, तीं उगीच नव्हेत! वालांतहि पचनास अडथळा करणारीं द्रव्यें असतात. भिजवून, मोड आणून, नीट शिजविल्यावर तीं पुष्कळ अंशीं जातात.

तथापि मीं वाचलें तें खोटें नव्हतें. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांनीं वेगळें काढलेलें क जीवनसत्त्व (त्यांस १९३७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें) उष्णतेनें नासतें आणि पाण्यांत विरघळतें. ब वर्गांतील सत्त्वेंहि पाण्यांत उतरतात. माठ किंवा मुळ्याचा पाला उकडून, पिळून, तें पाणी मोरींत ओतलें कीं सत्त्वाचा मोठा वांटा मोरीलाच मिळतो. रंग हिरवा राहावा म्हणून सोडा टाकणें तर त्याहून वाईट; क आणि ब-१ हीं दोन्ही त्यानें लवकर नासतात. भाजी धुऊन मग चिरावी, थोडक्या पाण्यांत झांकण ठेवून शिजवावी, उरलेलें पाणी आमटींत घालावें. मूतखड्याचा विकार असणारांनीं मात्र पालकाचें उकडलेलें पाणी टाकलेलेंच बरें, कारण ऑक्झॅलेटचा विरघळणारा भाग त्यांतच उतरतो.

पाल्यांतील कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवितें, तें शिजविल्यावर व तेलाबरोबर अधिक अंगीं लागतें. फोडणी व ओलें खोबरें हा केवळ जिभेचा चोचला नव्हे.

पाण्यावांचून शिजविण्याचा आमच्याकडील प्रकार म्हणजे पोपटी. हिंवाळ्यांत वालाच्या हिरव्या शेंगा मीठ-ओवा लावून, भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यांत दडपतात, मडकें जमिनीवर उपडें ठेवून भोंवतीं जाळ करतात. शेंगा स्वतःच्याच वाफेंत शिजतात. उष्णतेनें जाईल तेवढेंच जातें, पाण्याबरोबर कांहीं वाहून जात नाहीं. आमचा पांढरा कांदा मात्र मी कच्चाच खातों. चिरतांना त्यांत गंधकयुक्त द्रव्यें तयार होतात. कांदा आधींच तापविला तर तीं बनविणारा घटक निकामी होतो.

परवां घरीं पुन्हां अळूं झालें. चिंच होती, शेंगदाणे होते, खोबरें होतें. मी कांहीं बोललों नाहीं.