ताराशंकर बंद्योपाध्याय : मोडत्या गावाचा कादंबरीकार

बंगाली कादंबरी म्हटली की आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढे शरच्चंद्र उभे राहतात. मामा वरेरकरांनी त्यांना मराठीत आणले आणि आपल्या घरोघरच्या वाचनात ते असे मिसळून गेले की ते परके वाटेनासेच झाले. मागाहून सत्यजित राय ह्यांच्या चित्रपटामुळे 'पथेर पांचाली'चे विभूतिभूषण आपल्याला ठाऊक झाले. परंतु ज्या बंगाली लेखकाचे गाव आपल्या गावाशी सर्वांत जवळचे आहे, त्याची ओळख मात्र आपल्याकडे बेताचीच राहिली. तो लेखक म्हणजे ताराशंकर बंद्योपाध्याय. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

बंगाल म्हटल्यावर आपण जी हिरवीगार, पाण्याने भरलेली भूमी कल्पितो, ती ताराशंकरांच्या पुस्तकांत सापडावयाची नाही. त्यांचा वीरभूम जिल्हा पश्चिमेकडचा, राढ नावाच्या प्रदेशातला. तांबडी मुरमाड जमीन, ताडाची झाडे, उन्हाळ्यात वाळूचे पात्र होऊन पडणाऱ्या आणि पावसाळ्यात एका रात्रीत गावे धुऊन नेणाऱ्या मयूराक्षी आणि कोपाई ह्या नद्या. शांतिनिकेतन ह्याच जिल्ह्यात आहे. तेथून फार दूर नसलेल्या लाभपूर गावी १८९८ साली ताराशंकरांचा जन्म झाला. घराणे जमीनदाराचे; पण जमीनदार ह्या शब्दाने आपण बिचकून जाऊ नये. आपल्याकडे मुंबई इलाख्यात रयतवारी होती, सरकारचा संबंध थेट कुणब्याशी. बंगालमध्ये १७९३ साली कायमधारा झाला आणि सरकार व शेतकरी ह्यांच्यामध्ये जमीनदार बसला. पुढे त्याच्या खाली पत्तनीदार आले, त्यांच्या खाली आणखी पोटपत्तनीदार, आणि वसुलीला गोमस्ता. भाऊबंदांच्या वाटण्या होता होता पुष्कळ जमीनदार नावाचेच उरले. वाडा मोठा, मान मोठा, आणि वसूल इतका थोडा की पूजेचा खर्च भागविताना कर्ज व्हावे. ताराशंकरांचे घर ह्या लहान जमीनदारांपैकी होते. लहानपणीच वडील वारले. त्याच गावात कोळशाच्या धंद्यावर नव्याने श्रीमंत झालेले दुसरे घराणे होते; जुना मान आणि नवा पैसा ह्यांची चढाओढ मुलाने दारातच पाहिली. 'जलसाघर' ह्या कथेतला विश्वंभर राय, जो शेजारच्या नवश्रीमंताला हिणविण्यासाठी शिल्लक उरलेला पैसा एका गाण्याच्या बैठकीवर उधळतो, तो ह्याच पाहण्यातून आला. १९५८ साली राय ह्यांनी ह्या कथेवर चित्रपट काढला, हे आपणांपैकी अनेकांना माहीत असेल.

१९१६ साली मॅट्रिक होऊन ताराशंकर कलकत्त्याला कॉलेजात गेले. पण राजकारण आणि आजारपण ह्यांमुळे शिक्षण पुरे झाले नाही. गावी परतून जमिनीचे व्यवहार पाहणे, काँग्रेसचे काम, आणि पटकीची साथ आली की घरोघर जाऊन रोग्यांची सेवा, असे दिवस गेले. १९३० च्या सत्याग्रहात तुरुंगवास घडला. वर्षअखेरीस सुटून आल्यावर त्यांनी ठरविले की ह्यापुढे देशसेवा करावयाची ती लेखणीने. मला ह्या चरित्रात महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांनी खेडे बघण्यासाठी प्रवास केला नाही. डोम, बागदी, कहार, वेदे, साप धरणारे, वैष्णव भिक्षेकरी, ही सारी माणसे त्यांच्या ओसरीवर येऊन बसणारी होती. कर्ज मागायला, तक्रार सांगायला, औषध न्यायला.

त्यांची 'गणदेवता' ही कादंबरी १९४२ सालची. १९६६ चा ज्ञानपीठ पुरस्कार तिलाच मिळाला. तिची सुरुवात अशी आहे की आपल्याकडचा कोणीही खेड्यातला मनुष्य ती ऐकून दचकेल. शिवकालीपूर गावचा लोहार अनिरुद्ध आणि सुतार गिरीश ह्यांनी नदीपलीकडच्या बाजारगावात दुकाने थाटली आहेत. गावात फाळ शेवटायला कोणी नाही, गाडीचे चाक बसवायला कोणी नाही. चंडीमंडपात गावकी भरते आणि दोघांना जाब विचारला जातो. अनिरुद्ध सांगतो की वर्षाचे धान्य तुम्ही देता ते अर्धे बुडविता, लोखंडी वस्तू स्वस्त मिळते म्हणून बाजारातून आणता, आणि काम मात्र आम्ही जुन्या रिवाजाने करावे म्हणता; आम्ही जगावे कसे?

हे आपले बलुते नव्हे काय? त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी 'गावगाडा' लिहिला तो १९१५ साली. त्यांनी जी मोडतोड अधिकाऱ्याच्या दृष्टीने टिपली, तीच येथे गोष्ट होऊन आली आहे. लोहार-सुतार हे आपल्या बलुतेदारांतही पहिल्या ओळीचे. ते गेले की नांगर अडतो, आणि नांगर अडला की साऱ्या गावाचे परस्परांवरचे देणेघेणे उघडे पडते. ताराशंकरांचे कसब असे की ते कोणाची बाजू घेऊन थांबत नाहीत. अनिरुद्धाचे म्हणणे खरे आहे. गावाचेही म्हणणे खरे आहे. आणि त्या गावकीत बसलेला छिरू पाल हा दांडगा सावकारी शेतकरी ह्या मोडतोडीतून स्वतःचे घर कसे भरतो, तेही लेखक शांतपणे दाखवितो. रात्रीतून लोहाराच्या शेतातले उभे भात कापून नेले जाते, हरिजनांची वस्ती पेटते. आणि हाच छिरू पाल पुढे श्रीहरी घोष होतो, जमीनदाराचा गोमस्ता होतो, आणि ज्या चंडीमंडपात गाव एकत्र बसत होते तो हळूहळू त्याच्या मुठीत जातो. पैसा आल्यावर माणसाचे नाव बदलते ही गोष्ट आपल्याला नवी नाही!

गावाच्या बाजूने उभा राहतो तो देबू घोष, पाठशाळेचा पंडित. त्याच्या तुरुंगात जाण्याचा प्रसंग सांगण्याजोगा आहे. जमिनीची मोजणी करायला सरकारी कानगो येतो आणि देबूला 'तू'च्या तुसडेपणाने हाक मारतो. बंगालीत 'तुई' हे संबोधन अगदी लहानाला किंवा अगदी हलका मानलेल्याला. देबू त्याला उलट 'तुई' म्हणूनच उत्तर देतो. एवढ्यावरून खटका उडतो आणि त्याचे पर्यवसान कारावासात होते. राजकीय चळवळीची पानेच्या पाने लिहून जे साधले नसते, ते ताराशंकरांनी एका सर्वनामात साधले आहे. सुटून आल्यावर पटकीच्या साथीत देबू गावाची सेवा करतो. आणि त्याच रोगाने त्याची बायको व लहान मुलगा जातात. पटकीच्या घरातून परतणे म्हणजे काय हे ताराशंकरांना ठाऊक होते. म्हणून हा भाग रडविण्यासाठी लिहिल्यासारखा वाटत नाही.

पण 'गणदेवते'तले माझे सर्वांत आवडते पात्र देबू नव्हे. ती दुर्गा, मोची जातीची, गावाने नाव ठेवलेली स्त्री. तिचा व्यवहार गावाला माहीत आहे, छिरू पालाला तर चांगलाच माहीत आहे. पोलिसांची धाड येणार हे कळताच साप चावल्याचे सोंग करून बैठकीतल्या माणसांना सावध करणारी तीच. लेखक तिला पश्चात्ताप करायला लावीत नाही, पवित्रही करून सोडीत नाही. आपल्या मराठी ग्रामीण कादंबरीत अशी बाई यायला पुष्कळ वाट पाहावी लागली, असे मला वाटते.

'पंचग्राम' हा ह्याच कथेचा पुढचा भाग. त्यात मुसलमान शेतकऱ्यांचे कुसुमपूर आहे, महाग्रामचे न्यायरत्न आहेत, मयूराक्षीचा पूर आहे. तो मला थोडा पसरट वाटतो. शेवटी देबूच्या तोंडी उद्याच्या गावाचे जे स्वप्न येते ते व्याख्यानासारखे झाले आहे, आणि व्याख्यान कादंबरीत आले की काय होते हे व्याख्यात्याला इतरांपेक्षा अधिक कळते.

'हाँसुली बाँकेर उपकथा' ही त्याहून वेगळी. कोपाई नदी जेथे गळ्यातल्या रुप्याच्या हंसुलीसारखी वळते, तेथे बाँसबादी नावाची कहारांची वस्ती. कहार म्हणजे आपले भोई, पालख्या वाहणारे. त्यांचा पुढारी बनवारी देवाचा कोप आणि बाबूंचा शब्द ह्या दोहोंना सारखाच मानतो. तरुण कराली चंदनपूरच्या रेल्वेत कामाला जातो आणि वस्तीने देवाचा मानलेला साप जाळून मारतो. पुढे महायुद्ध येते, वस्तीभोवतीचे बांबूचे बन लष्करासाठी तोडले जाते, आणि उरलेले पुराने जाते. करालीच्या मजुरीत रोख पैसा आहे, मोकळेपण आहे. लेखकाचे मन मात्र बनवारीकडे ओढ घेते. ताराशंकरांवर जुन्याचे शोकगीत गाणारे म्हणून आक्षेप घेतला गेला, तो येथे थोडा लागू पडतो. तरी कराली त्यांनी खोटा केलेला नाही. अखेर वस्तीची वाळू उपसायला परत येतो तो करालीच. ह्या पुस्तकाची भाषा कहारांच्या बोलीने भरलेली आहे. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' किंवा व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ज्यांनी वाचली आहे, त्यांना बोली ही नुसती सजावट नसते हे निराळे सांगावयास नको.

'कवी' ह्या लहान कादंबरीचा नुसता उल्लेख करतो. चोरांच्या घराण्यात जन्मलेला डोम जातीचा निताई कविगानाच्या फडात उभा राहतो. कविगान म्हणजे दोन शाहिरांची समोरासमोर सवाल-जवाबांची झुंज. आपल्या कलगी-तुऱ्याचे भाईबंद. ज्यांना एकच पुस्तक वाचावयाचे असेल त्यांनी हे घ्यावे.

आणि शेवटी 'आरोग्यनिकेतन', १९५३ सालची कादंबरी. रवींद्र पुरस्कार आणि १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार हिला मिळाला. जीवन मशाय हे वृद्ध नाडीवैद्य. वडिलांपासून चालत आलेल्या दवाखान्याच्या ओसरीवर बसणारे. नाडीवर बोट ठेवले की मृत्यू किती पावलांवर आहे हे त्यांना कळते, आणि ते तसे सांगतात. मनुष्याने तयारीने मरावे अशी त्यांची धारणा. गावात प्रद्योत हा तरुण डॉक्टर नवी औषधे घेऊन येतो. एका लोहाराच्या पडलेल्या म्हाताऱ्या आईला मशाय अखेरच्या यात्रेची तयारी करायला सांगतात, आणि डॉक्टर तिला वाचवितो. दुसरा कोणी लेखक असता तर वैद्याचाच विजय दाखवून वाचकाला खूष करता. येथे नवे शास्त्र खरोखरच माणसे वाचविते. परंतु रोगी वाचणारच नाही तेव्हा त्याच्याजवळ कोणी बसावयाचे, हा प्रश्न डॉक्टरच्या पेटीत नसतो, आणि प्रद्योतला तो हळूहळू उमगतो. स्वतःच्या मुलाची नाडी पाहून त्याचे मरण ओळखणारा हा बाप अखेरीस स्वतःच्या नाडीवर बोटे ठेवून पडून राहतो. येणाऱ्या मृत्यूला पावलांवरून ओळखता येते का, हे त्याला पाहावयाचे असते.

ताराशंकरांनी साठांच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या पुष्कळ घाईच्या आहेत. १९५२ पासून ते पश्चिम बंगालच्या विधान परिषदेत आणि १९६० ते १९६६ राज्यसभेत होते. त्या काळात लिखाण थांबले नाही, पण पातळ झाले. १४ सप्टेंबर १९७१ रोजी कलकत्त्यात ते वारले. लाभपूरवरून कटव्याला जाणारी जी चिमुकली आगगाडी त्यांच्या तरुणपणी सुरू झाली होती, ती अरुंद रुळांची गाडी २०१३ साली बंद होऊन तेथे रुंद रूळ आले. निताई ज्या रुळांच्या कडेला उभा राहून डोक्यावर चकाकणारी पितळी घागर घेऊन येणाऱ्या ठाकुरझीची वाट पाहतो, ते रूळ तेवढे आता पुस्तकात आहेत.