उन्हाळ्यात सुकतं, थंडीत कळतं

मॉनिटर ‘बंद पडला’ एवढ्यानं भागत नाही. दिवाच लागत नाही, दिवा लागतो पण पडदा काळा राहतो, चित्र क्षणभर दिसून गायब होतं, हे तीन निरनिराळे बिघाड आहेत. धुळ्यात देवपूरच्या एका घरी बारावीतल्या मुलाच्या टेबलावरचा १९ इंची जुना एलसीडी मॉनिटर दुरुस्तीला घेतला, त्याची तऱ्हा आणखी वेगळी होती. जानेवारीतल्या सकाळी हिरवा दिवा नुसताच लुकलुकायचा, आणि तसाच चालू ठेवला की बऱ्याच वेळानं आपसूक पडदा उजळायचा. दुपारी मात्र कसलीच कुरकुर नाही. “थंडीनं आखडतो, दुसरं काय!” असं मुलाची आजी म्हणाली. पुढे तिचंच निदान खरं ठरलं.

पेचकस हातात घेण्याआधी बाहेरून बरंच कळतं. संगणकाची केबल काढून मॉनिटरला नुसती वीज दिली. धडधाकट मॉनिटर अशा वेळी ‘नो सिग्नल’ दाखवतो. इथे ते दिसलं नाही, म्हणजे संगणक आणि केबल संशयातून सुटले. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरला. त्या उजेडात पुसट चित्र दिसलं, तर पॅनेल शाबूत आणि मागचा उजेड गेला असं समजावं. तेही दिसलं नाही. दिवा लुकलुकतोय याचा अर्थ सप्लाय उठू पाहतो, भार पेलत नाही, स्वतःला बंद करतो आणि पुन्हा उठतो. आता उघडणं भाग होतं.

पडदा खाली करून मॉनिटर गोधडीवर ठेवला. कडेच्या खाचा पेचकसानं उचकटल्या तर प्लॅस्टिक मोडतं. जुनं एटीएम कार्ड कडेनं सरकवत नेलं की त्या एकेक करून सुटतात. आत खरी सावधगिरी हवी. घरातली २३० व्होल्टची वीज बोर्डावर डीसी होते तेव्हा सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते, आणि मोठ्या कंडेन्सरमध्ये ती प्लग काढल्यावरही टिकू शकते. होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी, उघड्या भागाला बोट न लावता, त्या कंडेन्सरच्या पायांना टेकवल्या, आणि मल्टीमीटरवर आकडा शून्याजवळ आल्यावरच बोर्डाला हात लावला. हे ज्याला जमणार नाही, त्यानं मागचं झाकण उघडूच नये.

दोष डोळ्यांनाच दिसला. कमी व्होल्टच्या बाजूला, तापणाऱ्या डायोडला खेटून दोन कंडेन्सर उभे होते. कंडेन्सरच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते आणि ते सपाट असतं. या दोघांची डोकी फुगली होती, एकाच्या खाचेतून तपकिरी खरपुडी बाहेर आली होती. शेजारचे सगळे सपाट. बोर्डाला जपून वीज देऊन मोजलं, तर पाच व्होल्टच्या जागी काटा तीन-चारच्या मध्ये हेलकावे खात होता.

याचं मूळ धुळ्याच्या हवेत आहे. कंडेन्सरच्या पोटात ओला कागद असतो. उष्णतेनं त्यातला द्रव हळूहळू आटतो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. १०५ अंशांना २,००० तास टिकेल असा कंडेन्सर ६५ अंशांना ३२,००० तास चालेल. रोज आठ तास धरले तर जवळजवळ अकरा वर्षं. पेटीतला पारा ७५ वर गेला की उरतात साडेपाच. खानदेशात एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२-४३ अंश होतात, मग भिंतीला टेकलेल्या मॉनिटरच्या आत काय होत असेल ते उघड आहे. द्रव आटला की कंडेन्सरचा अंतर्गत रोध वाढतो आणि गारठ्यात तो आणखी चढतो. म्हणून नुकसान करतो उन्हाळा, पण तक्रार येते हिवाळ्यात.

आग्रा रोडच्या बाजारात नवे कंडेन्सर मागितले, तेव्हा दुकानदारानं विचारलं, “साधा देऊ, का एसएमपीएसवाला?” एसएमपीएस म्हणजे मॉनिटरमधल्यासारखा स्विचिंग सप्लाय, म्हणून प्रश्न नेमका होता. साध्याची धारकता मोजली तर बरोबर भरते, पण रोध जास्त असल्यानं तो इथे लवकर तापतो. धारकता तीच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, १०५ अंशांचा शिक्का आणि झाकणाखाली मावेल अशी उंची, एवढं पाहून घेतलं. किंमत काही रुपये.

अशा बोर्डाला एकाच बाजूला तांबं असतं. कंडेन्सर ओढून काढला तर तांब्याची पट्टी उखडून येते. दोन्ही पायांचं कथील आळीपाळीनं वितळवत तो झुलवत काढला, कंडेन्सरवरच्या पट्टीच्या बाजूचा ऋण पाय बोर्डावरच्या खुणेशी जुळवून नवा बसवला. पहिली वीज १०० वॉटच्या सिरीज बल्बमधून दिली. बल्ब लखकन पेटून मंदावला. तो तसाच प्रखर राहिला असता, तर बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे असं समजलं असतं. पाच व्होल्टचा काटा स्थिर झाला आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ उमटलं.

सगळेच मॉनिटर असे हाती लागत नाहीत. पॅनेलला तडा गेला किंवा उभ्या रेषा आल्या, तर घरी फारसं करता येत नाही. जुन्या पॅनेलच्या नळ्यांत पारा असतो. त्या फुटू देऊ नयेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा मॉनिटर भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यायला हवा. पण त्याआधी टॉर्च, मल्टीमीटर आणि सिरीज बल्ब यांनी चाचणी झालीच पाहिजे. काही रुपयांच्या दोन भागांसाठी धड पॅनेल फेकून देणं हा मोठा अपव्यय आहे. दुरुस्त मॉनिटर भिंतीपासून हातभर पुढे ठेवावा, म्हणजे पुढचा मे त्याला जड जाणार नाही.